पाणथळ जागेची सफाई

आमच्या निफाड तालुक्यात नांदूरमध्यमेश्वर येथे गोदावरी व कादवा नद्यांचा संगम आहे. तेथे बंधारा आहे. बंधाऱ्यामागे गाळ साचून पाणथळ जागा तयार झाली. १९८६ साली तिथे पक्षी अभयारण्य झाले. ते महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले. हिवाळ्यात चक्रवाक, थापट्या असे पाहुणे पक्षी लांबून येतात.

रविवारी आम्ही गुरुजी व वनखात्याच्या माणसांबरोबर काठ साफ करायला गेलो. मोठी माणसे जलपर्णी ओढत होती. आम्ही पिशव्या आणि जाळ्यांचे तुकडे गोळा केले. जाळ्याच्या दोऱ्यात पक्ष्यांचे पाय अडकतात.

जलपर्णी सगळे पाणी झाकून टाकते. मग ऊन खाली जात नाही, पाण्यातली हवा कमी होते व मासे मरतात. तिचा तुकडा पाण्यात राहिला तरी ती परत वाढते. म्हणून ती काढून काठापासून लांब टाकतात.

मी पाणकणीस पण उपटायला लागलो. गुरुजी ओरडले, "अरे थांब! त्यात पाणकोंबडी घरटं करते." तोवर माझी दोन-तीन उपटून झाली होती. मला फार वाईट वाटले.

मुलांनो, सफाई जरूर करा. पण उपटण्याआधी विचारा. सगळेच गवत कचरा नसते.

इयत्ता ४ थी