थट्टा कोणाची आणि कोठवर?

भरतमुनींच्या नाट्यशास्त्राच्या अखेरच्या भागात एक आख्यायिका आहे. विद्येचा मद चढलेल्या भरतपुत्रांनी ऋषींची टवाळी करणारा प्रयोग भर सभेत करून दाखविला. ऋषी कोपले व तुमची प्रतिष्ठा नष्ट होईल, असा त्यांनी शाप दिला. नाट्यच लयास जाईल या भयाने देवांनी रदबदली केली. तेव्हा ऋषींनी इतकेच मान्य केले की, नाट्य राहील, बाकीचा शापही राहील. थोरामोठ्यांच्या थट्टेचा वाद हा असा पुरातन आहे. त्यातील दोन प्रश्न आजही सुटलेले नाहीत. थट्टेने मर्यादा ओलांडली हे कशावरून ठरवावे? आणि ओलांडली असल्यास तिचे शासन कोणी व कसे करावे?

गिरगावातील एका रस्त्यास ज्यांचे नाव आहे, त्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले. कथा विराटपर्वातील, परंतु उन्मत्त कीचकात प्रेक्षकांस लॉर्ड कर्झन दिसे, सैरंध्रीत पराधीन देश, युधिष्ठिरात मवाळ आणि भीमात जहाल. १९१० साली सरकारने नाटकावर बंदी घातली. हे काही प्रहसन नव्हे. परंतु सत्ताधीशावर रूपकाच्या आडून केलेला प्रहार तो हाच. कर्झनसाहेबांचे रूप, त्यांचा धर्म किंवा त्यांचे घर यांस खाडिलकरांनी हात लावला नाही. त्यांनी दाखविला तो सत्तेचा माज. सरकारास जे झोंबले, ते प्रेक्षकांस ओळख पटली म्हणून. तेव्हा कोणास राग आला, एवढ्यावरून मर्यादाभंग सिद्ध होत नाही. पुष्कळदा नेम अचूक लागल्याचीच ती खूण असते.

आता गिरगावातून दादरकडे वळू. १३ ऑगस्ट १९६० रोजी ‘मार्मिक’ हे व्यंगचित्र साप्ताहिक निघाले. दादरच्या बालमोहन विद्यामंदिरात त्याचे प्रकाशन झाले, ते मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या हस्ते. ज्या राज्यकर्त्यांची चित्रे पुढे काढावयाची, त्यांच्याच अग्रणीने अशा पत्राचा शुभारंभ करावा, यात उभयपक्षी मोठा रसिकपणा होता. बाळ ठाकरे यांच्या कुंचल्याने मंत्र्यांची व पुढाऱ्यांची फिरकी घेतली, तोवर सामान्य वाचकास ती आपलीच वाटली. परंतु त्याच साप्ताहिकात पुढे ‘वाचा आणि थंड बसा’ या मथळ्याखाली कचेऱ्यांतील परप्रांतीयांच्या नावांच्या याद्या येऊ लागल्या, आणि दाक्षिणात्य मनुष्य हाच टवाळीचा विषय झाला. मराठी तरुणांस नोकऱ्या मिळत नाहीत, ही तक्रार विचारात घेण्याजोगी होती. परंतु तिचा जाब धोरणे आखणाऱ्यांस विचारावयाचा असतो. मंत्र्यास उत्तर देण्यासाठी सभा आहे, वृत्तपत्रे आहेत, हाताशी सरकारी खाते आहे. माटुंग्याच्या एखाद्या कारकुनापाशी यांतले काय असते? आमच्या मते मर्यादा ओलांडली गेली, ती येथे.

पुढे सप्टेंबर २०१६ मध्ये ‘सामना’त मराठा समाजाच्या मूक मोर्चांवर एक व्यंगचित्र आले. क्षोभ उसळला, पत्राच्या कचेरीवर दगड पडले आणि व्यंगचित्रकार ठाकऱ्यांचे पुत्र उद्धव यांस जाहीर क्षमा मागावी लागली. ते चित्र अनुचितच होते; पण दगड त्याहून अनुचित. क्षमायाचना दगडावाचूनही मागता आली असती, आणि तशी ती मिळाली असती तर तिचे मोलही वाढले असते.

परक्यांविषयी निवाडा देणे सोपे असते. आता आपल्या घराकडे पाहू. विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ डिसेंबर १९७२ मध्ये पुण्यात रंगभूमीवर आले. त्यातील नाना फडणीस विषयलंपट आणि ब्राह्मण लोभी व ढोंगी. १९ प्रयोगांनंतर संस्थेने ते थांबविले. कलावंतांनी बाहेर पडून १९७३ साली थिएटर अकॅडमी स्थापिली व पुढल्या वर्षी नाटक पुन्हा उभे केले. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांची घरे त्या वेळी दुखावली होती, आणि ते दुःख अकारण नव्हते. बारभाईंच्या कारस्थानापासून सुमारे पंचवीस वर्षे ज्याने राज्याचा डोलारा सावरला, तो मुत्सद्दी नुसता स्त्रीलंपट म्हणून दाखविणे हे एकांगी चित्र होय.

परंतु १७९१ साली कोतवालाच्या बंदिखान्यात तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले आणि खवळलेल्या जमावाने दगडांनी घाशीरामाचा प्राण घेतला, हेही इतिहासच सांगतो. अशा मनुष्याच्या हाती शहर ज्याने सोपविले, त्या कारभाऱ्यास नाटककाराने जाब का विचारू नये? ब्राह्मण जातीची टवाळी झाली, असेही म्हणतात. पण पेशवाईत सत्ता व दक्षिणा दोन्ही त्यांच्याच हाती होत्या. माटुंग्याच्या कारकुनाच्या पंक्तीस त्यांस बसविता येणार नाही. ‘कीचकवध’ पाहून ज्यांनी टाळ्या वाजविल्या, त्यांच्याच नातवंडांनी ‘घाशीराम’ बंद करा म्हणावे, तर कर्झनास एक न्याय आणि नानांस दुसरा, असे होईल.

यावरून आमच्यापुरत्या तीन कसोट्या निघतात. थट्टा कृत्याची आहे, की देहाची, जातीची व बायकामुलांची? जिची थट्टा झाली ती व्यक्ती प्रत्युत्तर देण्यास समर्थ आहे काय? आणि थट्टेच्या मिषाने धडधडीत खोटे तर सांगितले जात नाही ना? थट्टा यांत उतरली नाही, तर तिचा निषेध अवश्य करावा, तोही लेखास लेखाने, चित्रास चित्राने. अब्रूच गेली असेल तर न्यायालयात. मोडतोडीला यात कोठेही जागा नाही.

घरात मात्र एक साधा प्रयोग करण्याजोगा आहे. आपल्या आवडत्या पुढाऱ्याचे व्यंगचित्र पाहून कपाळास आठी पडली, तर त्या जागी नावडत्या पुढाऱ्याची कल्पना करून पाहावी. आता हसू आले, तर दोष चित्राकडे नाही. राग तेवढाच राहिला, तर तक्रार खरी समजावी आणि लेखणी हाती घ्यावी.