जानेवारीतला नारळ

तारकर्लीला ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिन साजरा झाला. युद्धनौका, मिग-२९के, मार्कोस कमांडो, सगळा थाट होता आणि हेलिकॉप्टरने शोध-बचावाचं प्रात्यक्षिकही दाखवलं. मालवणच्या एका तांडेलाकडे मी पुढे हा विषय काढला, तर तो म्हणाला, "बरां दिसता, पण माणूस खंय आसा तां तेंका आधीच म्हायत होतां!"

नेमकं बोलला. पाण्यातून माणूस उचलणं हे जिवावरचं काम, पण मिनिटांचं. शोधायला मात्र दिवस जाऊ शकतात. २६ नोव्हेंबर २०२० ला 'विक्रमादित्य' या विमानवाहू नौकेचं मिग-२९के गोव्याजवळ समुद्रात कोसळलं. दोघांपैकी एक वैमानिक वाचला. कमांडर निशांत सिंह यांचा शोध अकरा दिवस चालला आणि ७ डिसेंबरला किनाऱ्यापासून तीसेक मैलांवर, सत्तर मीटर खोल तळाशी त्यांचा मृतदेह मिळाला. त्याच जातीचं विमान १२ ऑक्टोबर २०२२ ला पुन्हा गोव्याजवळ पडलं, तेव्हा वैमानिक झटपट सापडला. समुद्र तोच, नौदलही तेच. फरक पडला तो शोधात.

गणित सोपं आहे. पडल्याची जागा पक्की ठाऊक आहे, पण प्रवाहाची दिशा ठाऊक नाही असं धरा. एक नॉटपर्यंतच्या वेगाने वाहणारा माणूस सहा तासांनी अकरा किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळात कुठेही असू शकतो. ते झालं सुमारे ३९० चौरस किलोमीटर पाणी. बारा तासांनी १,५५०. वेळ दुप्पट, पाणी चौपट. आणि त्यात शोधायचं काय, तर फेसाळ लाटांत मधूनच दिसणारं नारळाएवढं डोकं.

नारळी पौर्णिमेला आपण दर्याला नारळ देतो. समजा तो नारळ आणि थर्माकोलचा एक तुकडा होडीतून चांगलं बाहेर नेऊन एकाच जागी सोडला. (मनातल्या मनातच सोडा, दर्यात थर्माकोल आधीच पुष्कळ आहे.) थर्माकोल वाऱ्यामागे पळेल. नारळ बराचसा पाण्यात बुडालेला, तो प्रवाहाचं ऐकेल. लाइफ जॅकेटवर तरंगणारा वैमानिक म्हणजे नारळ. तोच रबरी तराफ्यात चढला की थर्माकोलच्या वळणावर जातो. म्हणजे तो तराफ्यात चढू शकला की नाही, यावर त्याला कुठे शोधायचं हे ठरतं!

आता खरी गंमत. श्रावणातला नारळ वेंगुर्ल्याच्या, गोव्याच्या दिशेने जाईल, कारण पावसाळ्यात किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो. जानेवारीत सोडलात तर तो उत्तरेला, देवगडची वाट धरेल. खाडीच्या मुखाशी भरती-ओहोटीची ओढ वेगळी, मी बाहेरच्या पाण्याबद्दल बोलतोय. पण थंडीत इथला वारा तर उत्तरेकडून येतो. म्हणजे थर्माकोल निघाला गोव्याला आणि नारळ वाऱ्याला न जुमानता देवगडला. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले सतीश शेट्ये आणि त्यांचे सहकारी १९८०-९० च्या काळात याच कोड्यामागे होते. जहाजातून हिंडायचं, पाण्याचं तापमान आणि क्षारता मोजायची, पुन्हा पुढच्या ठिकाणी जायचं. पुढे असं दिसून आलं की या उलट्या प्रवाहाचं मूळ बरंचसं बंगालच्या उपसागरातल्या वाऱ्यांत आहे. तिथे उठलेल्या संथ, अवाढव्य लाटा किनारा उजव्या हाताला धरून चालतात आणि श्रीलंकेला वळसा घालून आपल्या दारात येतात. मालवणचं पाणी कुठे जाणार, याचा थोडाफार निकाल पलीकडच्या समुद्रात लागतो.

हैदराबादच्या 'इन्कॉइस' या सागरी माहिती केंद्राने २०१६ मध्ये आणलेली 'सरॅट' प्रणाली अशाच ज्ञानावर उभी आहे. काय हरवलं, कुठे आणि केव्हा शेवटचं दिसलं हे सांगा. वारा आणि प्रवाह हिशेबात घेऊन ती शक्यतेचा नकाशा काढून देते. हेलिकॉप्टरचे फोटो पहिल्या पानावर येतात, क्षारता मोजणाऱ्यांचे कधीच येत नाहीत, ही माझी जुनी तक्रार.

"अंगावर सिग्नल देणारं यंत्र असलं की झालं," असं काहींना वाटतं. ४०६ मेगाहर्ट्झवरची हाक उपग्रह ऐकतात आणि त्याने असंख्य जीव वाचलेत, हे खरं. पण खाऱ्या पाण्याखाली ही हाक मुकी होते. युद्धात तर वेगळीच पंचाईत, कारण शत्रूलाही कान असतात. जून १९९५ मध्ये बोस्नियावर पाडला गेलेला अमेरिकी वैमानिक स्कॉट ओ'ग्रेडी सहा दिवस झाडीत लपून होता. रेडिओ जवळ असून तो जपून वापरावा लागला. 'क्षणात शोध' म्हणणाऱ्या जाहिरातींत ही बाजू नसते.

त्यामुळे शोधाची मोठी भिस्त जागा आणि वेळेच्या पहिल्या नोंदीवर, आणि ती अनेकदा नौदलाकडे नसते, जवळच्या होडीवर असते. तेव्हा तांडेलांनो, कुणी पाण्यात पडलेलं दिसलं, मग तो खलाशी असो की वैमानिक, आधी जीपीएसवर जागा टिपा आणि घड्याळ बघा. मग व्हीएचएफच्या १६ नंबर चॅनलवर किंवा तटरक्षक दलाच्या १५५४ वर कळवा. वारा कुठला होता, तेही सांगा.