बिनतारी तबकडीची वायर

भाच्याने अमेरिकेतून आणलेलं खोकं बोरिवलीला ताईच्या घरी उघडलं, तेव्हा आतून सगळ्यात आधी निघाली ती वायर. चांगली दोन हात लांब, पांढरीशुभ्र. तिच्याखाली बशीएवढी एक गोल तबकडी. खोक्यावर मात्र ठळक अक्षरांत छापलं होतं, ‘वायरलेस चार्जर’.

‘‘मामा, वायर तबकडी आणि भिंतीच्या मध्ये आहे. तबकडी आणि फोनच्या मध्ये नाही,’’ भाच्याने समजावलं.

म्हणजे वायर गेली नव्हती, तिची नुसती बदली झाली होती. उभी हयात बँकेत काढल्यामुळे बदली म्हणजे काय, हे मला वेगळं सांगावं लागत नाही. भिंतीत खोचायचा ठोकळा तर खोक्यात नव्हताच. तो मी खाली उतरून कोपऱ्यावरच्या दुकानातून आणला.

बँकेत असताना कर्जाचा अर्ज समोर आला की माझ्या मनात पहिला प्रश्न यायचा, गरज की हौस? मिक्सर, स्कूटर, रंगीत टीव्ही, साऱ्यांना मी हाच प्रश्न लावला. (घरच्यांनाही लावला. त्याबद्दल आजही ऐकून घेतो.) या तबकडीचा अर्ज आला असता तर मी तो हौशीच्या गठ्ठ्यात टाकला असता. फोनला पिन खोचणं हे काय काम आहे? दोन सेकंदांचं. तेवढ्यासाठी दीड-दोन हजार रुपये?

पण तबकडी ज्या कारणाने घरात आली ते सांगायला हवं. माझी थोरली बहीण म्युनिसिपालिटीच्या शाळेतली निवृत्त शिक्षिका. वय अठ्ठ्याहत्तर. यजमान गेल्यापासून बोरिवलीत एकटी राहते आणि एकटीच राहीन म्हणते. मी मुलुंडला. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी चार वाजल्यापासून तिचा फोन बंद लागायला लागला. पाच वाजले, सहा वाजले, तीच ठरावीक बाई तेच सांगत होती. २६ जुलै २००५ ज्यांनी मुंबईत काढली, त्यांना फोन न लागण्याचं भय नव्याने शिकवावं लागत नाही. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला त्या रात्री मी अंधेरीच्या शाखेत अडकलो होतो. टेबलावर एकाहून एक वेगळ्या पिनांचे मेलेले फोन, वीज गेलेली, आणि घरी कोण पोहोचलं याचा पत्ता नाही. सहा वाजता मी छत्री उचलली.

मुलुंडहून लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने अंधेरी, अंधेरीहून पुन्हा लोकल. बोरिवलीला पोहोचेपर्यंत मनात काय काय येऊन गेलं ते लिहीत नाही. दार ताईनेच उघडलं. हातात विझलेला फोन.

‘‘अरे, पिनच बसेना,’’ ती म्हणाली.

तिला कंपवात आहे, हे आम्हाला ठाऊक होतं. चहाचा कप अर्धाच भरून द्यायचा, हेही सगळे शिकलो होतो. पण उजव्या हाताने त्या एवढ्याशा भोकात एवढीशी पिन घालता घालता तिचा अर्धा अर्धा तास जातो, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. फोन भाच्याने वापरून दिलेला, त्याची पिन उलटसुलट कशीही बसते, तरी नेम तर लागायला हवा! आधी ती शेजारच्या सूनबाईंना हाक मारायची. मग रोज रोज काय सांगायचं म्हणून एक दिवसाआड. मग फोनच कमी वापरायला लागली. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलांची बोटं धरून अक्षरं गिरवून घेतलेली बाई. तिला हे सांगायची लाज वाटत होती.

तर अशी ती तबकडी आली. भाचा आठ दिवसांत परत गेला आणि तिची जबाबदारी माझ्यावर पडली.

पहिल्याच सकाळी ताईचा फोन आला, ‘‘रात्रभर ठेवला होता रे. अकरा टक्के!’’ म्हटलं, झालं, आपला निकाल बरोबर होता. पण तपासाअंती दोन गोष्टी निघाल्या आणि त्या समजण्यासाठी मला मायकेल फॅरेडेपर्यंत मागे जावं लागलं.

फॅरेडेने १८३१ साली लोखंडी कड्याच्या दोन बाजूंना तारेची दोन वेटोळी गुंडाळली. एकातला प्रवाह सुरू किंवा बंद केला की त्याला कुठेही न जोडलेल्या दुसऱ्यात क्षणभर प्रवाह उमटायचा. चुंबकीय क्षेत्र बदलत राहिलं की शेजारच्या तारेत वीज जागी होते, एवढंच हे तत्त्व. रस्त्यावरचा ट्रान्सफॉर्मर त्यावरच चालतो. स्वयंपाकघरातल्या इंडक्शन शेगडीतही वेटोळंच असतं, फक्त तिथे वीज भांड्याच्या बुडात उमटते आणि बूड तापतं. ज्या मेट्रोने मी घाटकोपरहून अंधेरीला जातो तिच्या कार्डात बॅटरी नसते. फाटकावर टेकवलं की आतल्या वेटोळ्यात फाटकाच्या यंत्रामुळे क्षणभर वीज येते आणि तेवढ्यात कार्ड आपला हिशोब सांगून मोकळं होतं. मेट्रो २०१४ साली सुरू झाली, तेव्हापासून मी बिनतारी वीज खिशातून नेतो आहे आणि तिला थोतांड म्हणतो आहे!

तबकडीत एक वेटोळं आणि फोनच्या पाठीत दुसरं. दोन्ही एकमेकांवर बरोबर यायला हवीत. बोटभर सरकली की वीज पोहोचत नाही, किंवा पोहोचते ती रडतखडत. ताईचा हात थरथरतो, फोन सरकतो. यात तिची चूक नव्हती. ॲपलसारख्या कंपनीने २०१७ साली अशी चटई जाहीर केली होती की तिच्यावर फोन कुठेही, कसाही टाका, तो चार्ज होणार. पुष्कळ वेटोळी एकमेकांवर रचायची होती. मार्च २०१९ मध्ये कंपनीने तो बेत सोडून दिला. मग २०२०च्या नव्या फोनांत त्यांनी पाठीला लोहचुंबकांचं कडं बसवलं, म्हणजे फोन आपणहून जागेवर ओढला जातो. हीच युक्ती २०२३ साली सर्व कंपन्यांसाठीच्या ‘ची’ या मानकाच्या दुसऱ्या आवृत्तीत आली. ‘ची’ हा चिनी शब्द, अर्थ प्राणशक्ती. ताईच्या फोनमध्ये मात्र हे कडं नव्हतं.

दुसरी गोष्ट गणपतीची. फोनच्या कव्हरवर ताईने पत्र्याचा छोटा, सोनेरी गणपती चिकटवला होता. दोन वेटोळ्यांच्या मध्ये धातू आला की तो तापतो. म्हणून चांगली तबकडी तो ओळखून वीज थांबवते. विघ्नहर्ताच मध्ये बसला होता म्हणायचा. ताईच्या परवानगीने मी त्याची स्थापना फ्रिजवर केली. कव्हरच्या आत एक नाणं आणि घडी केलेल्या नोटाही निघाल्या.

जागेचा प्रश्न माझ्या बँकेतल्या फूटपट्टीने सोडवला. लेजरमध्ये लाल रेघा मारायची ती लाकडी फूटपट्टी मी निवृत्तीनंतर जपून ठेवली होती. तिचे दोन तुकडे केले, प्लायवूडच्या फळीवर काटकोनात फेव्हिकॉलने चिकटवले आणि तबकडी मोजून मापून बसवली. आता फोन फळीवर ठेवून कोपऱ्याकडे ढकलला की तो बरोबर जागेवर जातो. थरथरत्या हाताला नेम धरता येत नाही, ढकलता मात्र येतं. फोन ‘टुंग’ करतो, ताईला ते ऐकू येतं. नंतर कळलं की याच कामासाठी उभ्या घडवंच्या तयार मिळतात. असो. फूटपट्टी कामी आली.

खर्चाचा हिशोब न करता मी राहणं शक्य नव्हतं. आजच्या मोठ्या फोनच्या बॅटरीत सुमारे १९ वॅट-तास वीज मावते. चार्जरमधली गळती धरून २५ म्हणू. रोज एकदा पूर्ण भरला तर वर्षाला सुमारे ९ युनिट. तबकडीत गळती जास्त, कारण हवेच्या फटीतून सगळी वीज पलीकडे जात नाही. अगदी दीडपट धरली तरी साडेचार युनिट वाढले. दहा रुपये दराने पंचेचाळीस रुपये. वर्षाला तीन-चार कटिंग चहा. वीजबिलाच्या नावाने जे नाकं मुरडतात त्यांनी आधी घरातला एसी बघावा.

खरा तोटा उष्णतेचा. हरवलेली वीज उष्णता होऊन फोनच्या पाठीतच निघते आणि लिथियमच्या बॅटरीला ऊब सोसत नाही. तिचं आयुष्य कमी होतं. शिवाय कामही सावकाश चालतं. साधी तबकडी ५ ते १५ वॅट देते, तर नव्या फोनांचे वायरचे चार्जर २५ आणि ४५ वॅटचे, त्याहूनही मोठे येतात. आणि तबकडीवरचा फोन हातात घेऊन गप्पा मारता येत नाहीत. उचलला की संपलं. धडधाकट माणसाने कचेरीच्या टेबलावर ती मांडून ठेवली असेल तर माझ्या मते ती हौसच. त्याबद्दल माझं मत बदललेलं नाही.

मग ज्याला तिची खरी गरज आहे त्याला ती मिळते का? ताईला मिळाली, कारण भाचा अमेरिकेत आणि त्याचा जुना फोन महागातला. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसांच्या हाती येतो तो दहा-बारा हजारांचा फोन आणि एवढ्या किमतीत पाठीत वेटोळं सहसा नसतंच. कव्हरखाली चिकटवायची पातळ पट्टी मिळते, तिची पिन एकदा खोचली की कायम तशीच ठेवायची. पण दुकानात गेलं तर विक्रेता ती कधी आपणहून दाखवत नाही. तो चकाकणाऱ्या तबकड्या दाखवतो, ज्यांच्या खोक्यावर टाय लावलेला तरुण कॉफी पीत बसलेला असतो. थरथरणारा हात मी आजवर एकाही खोक्यावर पाहिला नाही.

मागच्या रविवारी ताईकडे गेलो होतो. निघताना पाहिलं तर माझ्या फोनवर चार टक्के. ‘‘ठेव की फळीवर,’’ ताई म्हणाली, अगदी घरच्या चुलीवर चहा टाकावा तसं. मी ठेवला, कोपऱ्याकडे ढकलला. टुंग नाही. उचलून पुन्हा ढकलला. तरी नाही.

‘‘कव्हरमध्ये नाणं असेल,’’ ताई म्हणाली.

नाणं नव्हतं. माझा फोन साडेअकरा हजारांचा. मी पिशवीतून माझी वायर काढली आणि चष्मा शोधायला लागलो.