अर्ज अडकलेला असताना मायदेशी फेरी

भाचीचं लग्न मे महिन्यात आणि कंपनीनं नोकरीच्या एच-१बी व्हिसाचा अर्ज एप्रिलमध्ये भरलेला. अमेरिकेत एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकणाऱ्या अनेक मराठी मुलांपुढे हा पेच येतो. नियम कडक आहे: तिथेच राहून ‘चेंज ऑफ स्टेटस’ मागितलं आणि निकालाआधी देश सोडला, तर ती मागणी सोडून दिली असं इमिग्रेशन खातं धरतं. पासपोर्टवर जुना व्हिसा शाबूत असला तरी फरक पडत नाही.

मात्र कंपनीची मूळ याचिका त्यामुळे मरत नाही. ती मंजूर झाली, तर मुंबईत बीकेसीच्या अमेरिकी वकिलातीतून एच-१बीचा शिक्का घेऊन परत जायचं. म्हणायला सोपं, पण अपॉइंटमेंटच्या रांगेत नोकरीची तारीख उलटू शकते. शिवाय अमेरिकी अध्यक्षांच्या सप्टेंबर 2025च्या आदेशान्वये अशा प्रकरणात कंपनीवर एक लाख डॉलरचा भार येऊ शकतो. इतक्या पैशाला किती कंपन्या तयार होतील?

एच-४ या एच-१बीधारकाच्या कुटुंबीयांच्या व्हिसावरून एफ-१ मागणाऱ्यांचा तर सगळा अर्जच बाद होतो. ग्रीनकार्डच्या आय-४८५ अर्जाचे नियम वेगळे. तिथे बहुतेकांना देश सोडण्याआधी ‘ॲडव्हान्स परोल’ म्हणजे परत येण्याचा परवाना लागतो. तिकीट काढण्याआधी वकिलाला विचारा, ट्रॅव्हल एजंटला नव्हे.