तीस जूनपर्यंतचं सॉफ्टवेअर

पहाटे 4:50. मंगळवार, 17 एप्रिल 2018. जर्सी सिटीतल्या आमच्या घरात हा गजर माझ्या एकटीसाठीच असतो. चहा टाकते आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावरचा जुना लॅपटॉप सुरू करते. तो सेकंडहँड घेतला, कारण माझं मशीन मॅक आहे आणि परीक्षेचा सरावाचा प्रोग्रॅम फक्त विंडोजवर चालतो. शिकायचंय ते सॉफ्टवेअर आणखी अडीच महिन्यांनी कुणाच्याच उपयोगाचं नाही. तरी मी त्याच्यासाठी पाचच्या आत उठते.

अमेरिकेत आर्किटेक्टचा परवाना हवा तर एआरई द्यावी लागते. ती घेते एनकार्ब ही राज्यांच्या नोंदणी मंडळांची संस्था. 1 नोव्हेंबर 2016 ला परीक्षेची नवी आवृत्ती आली, 5.0. जुनी 4.0 लगेच बंद न करता 30 जून 2018 पर्यंत मुदत दिली. जुन्यात सात पेपर, नव्यात सहा. जुने कोणते पास असतील तर नव्यातले कोणते माफ, याचा एक तक्ता आहे. तो नीट वाचणाऱ्यांच्या लक्षात आलं की जुन्यातले नेमके तीन आणि नव्यातले दोन दिले की पाचातच सुटका होते. मीही तोच हिशेब धरला. तिघांपैकी दोन झाले. साइट प्लॅनिंगचा तिसरा फेब्रुवारीत नापास झाले.

नापास झालं की त्याच पेपरला 60 दिवस थांबायचं. म्हणून पुढची तारीख 12 मे. त्यातही गचकले तर पुढचे 60 दिवस 11 जुलैला भरतात, आणि दुकान बंद होतंय 30 जूनला. मग नव्यातला एक पेपर वाढणार. दर पेपरला 210 डॉलर, ते वेगळेच.

5:10. साइट ग्रेडिंग. पडद्यावर उताराची जमीन, तिच्यावर कॉंटूरच्या रेषा, मधे एक इमारत, बाजूला झाडं. पाणी इमारतीला वळसा घालून गेलं पाहिजे. ढाळ दोन टक्क्यांहून कमी नको, वीसहून जास्त नको, आणि झाडांच्या घेराखालच्या रेषांना हात लावायचा नाही. एकेक बिंदू माउसने धरून ओढायचा. स्नॅप नाही. अंतर मोजायला वर्तुळ काढून ते रेषेला टेकवायचं. दिवसभर रेव्हिटमध्ये काम करणाऱ्या माणसाला हे म्हणजे मिक्सर बाजूला ठेवून पाट्यावर चटणी वाटायला बसवल्यासारखं. बरं, वाटून झालं तरी प्रोग्रॅम चूक की बरोबर ते सांगत नाही. मार्गदर्शिकेत एक पास आणि एक नापास उत्तर छापलंय, त्यांच्या शेजारी आपलं ठेवून पाहायचं.

6:20 पर्यंत तीन वेळा केलं. दोनदा पाणी इमारतीत शिरलं.

7:00. मुलाचा डबा भरता भरता आईचा फोन. चिपळूणला तेव्हा दुपारचे साडेचार, तिचा चहा. "अगं, उद्या अक्षय तृतीया, लक्षात आहे ना? आणि ती परीक्षा अजून संपली नाही का तुझी?" तिच्या दृष्टीने मी पुण्याहून बी.आर्क. होऊन आले तेव्हाच आर्किटेक्ट झाले, आणि तसं बघितलं तर ती चुकत नाही. तिकडे पाच वर्षांची पदवी घेतली की कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नाव नोंदवायचं, 1972 च्या कायद्याने तुम्ही आर्किटेक्ट. माझं ते प्रमाणपत्र तिच्या दिवाणखान्यात फ्रेम करून लावलंय. इथे मात्र आधी पदवीची तपासणी, मग 3,740 तासांच्या अनुभवाची नोंद, मग हे पेपर. तोवर कार्डावर डिझायनर छापायचं.

आज कशावर अडलंय असं तिने विचारलं, म्हणून सांगितलं. "म्हणजे पाणी घराकडे येतंय की बाहेर जातंय, एवढंच ना? मेमध्ये परसातला चर साफ करून घेतो आपण, तसंच." तसंच, आई.

8:15. जर्नल स्क्वेअरहून पाथ ट्रेन. एका हातात दांडा, दुसऱ्यात फ्लॅशकार्डं. तेहेतिसाव्या रस्त्यापर्यंत बावीस कार्डं झाली.

9:00 ते 12:30 ऑफिस. सबमिटल, दारांचं शेड्यूल, रेडलाइन. अकराच्या सुमारास कंत्राटदाराचं पत्र: शेजारची भिंत खोदाईत धरून ठेवायला टेकू कसे लावू, तुम्हीच सांगा. दोन वर्षांपूर्वी मी उत्साहाने स्केच काढून पाठवलं असतं. आता ए-201 च्या सर्वसाधारण अटी पाठ आहेत. बांधकामाच्या पद्धती आणि क्रम ही कंत्राटदाराची जबाबदारी. आर्किटेक्टने त्यात बोट घातलं की भिंत पडल्यावर तेच बोट त्याच्याकडे वळतं. दोन ओळींचं सभ्य उत्तर लिहिलं आणि बॉसच्या सहीला ठेवलं. परीक्षेतलं काही तरी रोजच्या कामी येतं म्हणायचं.

12:30. जेवणाच्या टेबलावर धाकटा सहकारी मला दर मंगळवारी मिळणारा सल्ला देतो: सोड ते जुनं, सरळ नव्यात ये. त्याने सुरुवातच 5.0 ने केली. तिथे चित्र काढायचं नाही. पडद्यावर नकाशे, झोनिंगचे नियम, मालकाच्या मागण्या असा कागदांचा गठ्ठा देतात आणि त्यावर प्रश्न विचारतात. कुठे चिन्ह उचलून जागेवर ठेवायचं, कुठे नकाशावर नेमकी जागा टिचकवायची. मला ऑगस्टपासून द्यायचे असलेले दोन पेपर त्याचे झालेत: प्रत्येकी 120 प्रश्न, सव्वाचार तास. त्याच्या मते नवीन परीक्षा खऱ्या कामाच्या जवळची. पटतं. पण कॉंटूर स्वतः ओढून पाणी आत घेतल्याची शरम त्याला कधी वाटणार नाही, हेही खरं.

बॉस साठी ओलांडलेले. दोघांकडे बघून हसतात. त्यांच्या वेळी ड्रॉइंग बोर्ड काखोटीला मारून हॉलमध्ये जायचं आणि डिझाइनचा एकच पेपर बारा तास लिहायचा. 1997 मध्ये सगळं कॉम्प्युटरवर गेलं तेव्हा, आता कुणालाही आर्किटेक्ट करतील, असं त्यांच्या पिढीने म्हटलं होतं म्हणे. त्यांचा शिक्का मात्र आजही आमच्या प्रत्येक ड्रॉइंगवर उमटतो, आणि मी त्या शिक्क्याकडे जरा जास्तच वेळ बघते.

दुपारचं काही सांगण्यासारखं नाही. मीटिंग होती.

6:40. घर. आज कुकर नवऱ्याने लावलाय. जेवण, मुलाचा गृहपाठ, भांडी.

9:30. पुन्हा जुना लॅपटॉप. पंखा घरघरतो. या वेळी माउसला हात लावायच्या आधी लाइटच्या बिलाच्या पाठीवर पेन्सिलने आईचं परस काढलं. वर आंब्याचं झाड, मधे घर, घराच्या वरच्या अंगाला अर्धचंद्रासारखा तो चर. मग त्यावरून कॉंटूर नेले. चर असेल तिथे रेषा चढाच्या दिशेने वाकते. हे मला पाठ होतं, पण फेब्रुवारीत, त्या दोन तासांत दोन चित्रांच्या घाईत, मी ती उताराकडे वाकवली होती. म्हणजे चराच्या जागी बांध घातला होता. चिपळूणला असा चर कुणी खणला असता तर पहिल्याच पावसात चूल विझली असती.

पडद्यावर एकेक बिंदू ओढत गेले. वरच्या बाजूच्या तीन रेषा, मग दोन्ही अंगांनी खाली. झाडाच्या घेराशी थांबले. वर्तुळाने ढाळ मोजला.

"झालं का गं?" नवरा दिवा मालवायला आला होता.

"एक बाजू राहिलीय. इमारतीच्या डावीकडून पाणी कसं जातंय बघ जरा."

त्याने चष्मा वर केला, पडद्याजवळ वाकला आणि बोट ठेवलं. "इथे साचणार."

खरंच साचत होतं. 10:50 झाले होते. मी तो बिंदू पुन्हा धरला.