बोट मंदावली म्हणून इंजिन खोलू नका

पावसाळी मासेमारीबंदीचे ६१ दिवस ३१ जुलैला संपतात, नौका पाण्यात उतरतात, आणि दिवाळीच्या आसपास बंदराबंदरांत एक तक्रार सुरू होते : इंजिन ओढत नाही. गेल्या महिन्यापर्यंत ज्या रेसवर बोट ८ नॉटने पळत होती, त्याच रेसवर आता जेमतेम ६ मिळतात, डिझेल मात्र जास्त लागतं. मग मेकॅनिक येतो, पंप आणि नोझल कॅलिब्रेशनला जातात, तेवढ्यानं भागलं नाही तर हेड उतरतं. हा सगळा क्रमच उलटा आहे असं माझं म्हणणं आहे. वेग हरवला की इंजिनाची झडती सगळ्यात शेवटी घ्यायची. सुरुवात पाण्याखालून करायची.

याला आधार साध्या गणिताचा आहे. ट्रॉलरसारखी जड बोट पाणी कापत जाते तेव्हा तिला लागणारी ताकद वेगाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते. वेग ८ वरून ६ नॉटवर, म्हणजे पाऊणपट झाला. पाऊणचा घन केला तर सुमारे ४२ टक्के येतात. याचा सगळा दोष इंजिनाच्या माथी मारायचा असेल, तर त्याची निम्म्याहून जास्त ताकद गेली आहे असं मानावं लागेल. इतकं खंगलेलं इंजिन लपून राहत नाही. ते सकाळी सुरू व्हायला त्रास देतं, ऑइल पितं, निळा धूर सोडतं, ब्रीदरमधून फुंकतं. उलट खरोखरच १० टक्के ताकद गेलेल्या इंजिनामुळे वेग कमी होतो तो जेमतेम साडेतीन टक्के, म्हणजे ८ चे ७.७ नॉट. वारा-प्रवाहाच्या फरकात तांडेलाच्या ते लक्षातही यायचं नाही. मोठी घट आणि बाकी धडधाकट इंजिन अशी जोडी दिसली, तर बोटीला मागे खेचणारं काहीतरी बाहेर आहे.

ते बहुतेक वेळा तळाला चिकटलेलं असतं. आधी बुळबुळीत थर, मग शेवाळ, मग बार्नाकलची कडक, धारदार कवचं. धक्क्याला उभ्या राहणाऱ्या बोटीवर हा संसार चालत्या बोटीपेक्षा लवकर थाटला जातो, हे मासळी कमी म्हणून बोट थांबवून ठेवणाऱ्यानं लक्षात घ्यावं. ‘तळ तर मागच्याच महिन्यात घासून रंगवला’ हे उत्तर इथे हमखास मिळतं. तळ रंगवला असेल, पण पंखा? तळाला शेवाळरोधक रंग लागतो, पितळी पंखा बहुधा उघडाच राहतो, आणि बोटीला पुढे ढकलण्याचं सगळं काम त्याच्या पात्यांवर चालतं. पात्यावरचा खरखरीत थर तेवढ्याच क्षेत्रफळाच्या तळावरच्या थरापेक्षा कितीतरी महागात पडतो. शिवाय पात्याची वाकलेली कड असते, शाफ्टला गुंडाळलेला जाळ्याचा नायलॉन असतो, वेल्डिंग करून ठोकून सरळ केलेल्या पंख्याची बदललेली पिच असते. वेग कसा गेला यावरूनही बराच उलगडा होतो : आठवड्यांत हळूहळू गेला तर वाढलेलं शेवाळ, मिनिटाभरात गेला तर पंख्यात दोरी.

‘पण धूर काळा येतोय, म्हणजे इंजिनातच बिघाड’ हा आक्षेप सगळ्यात जोरकस, आणि तो अर्धाच बरोबर आहे. काळा धूर एवढंच सांगतो की डिझेल आहे, पण ते पुरतं जाळण्याइतकी हवा नाही. जड झालेली बोट पंख्याला फिरू देत नाही, आरपीएम खाली येतात, गव्हर्नर कमतरता भरून काढायला डिझेल वाढवतो, आणि फेरेच कमी असल्यानं हवा मात्र वाढत नाही. चढावर टॉप गिअरमध्ये अडकवलेला ट्रक असाच धूर ओकतो. त्याचं इंजिन कोणी खोलत नाही. हवा खरंच कमी पडते का, हे बघायला इंजिनखोलीचं झाकण उघडून पूर्ण रेस द्यावी. फेरे वाढले तर कोंडी खोलीत आहे. नाही वाढले तर एअर फिल्टर आणि टर्बोची नळी तपासून सरळ पाणबुड्याला खाली पाठवावं. फेरे कमी आणि धूरही नाही, ही मात्र वेगळी गोष्ट : तिथे डिझेलच पोहोचत नसतं. बंदीच्या काळात अर्ध्या रिकाम्या टाकीत दमट हवेचं पाणी तळाशी साठतं, गाळ धरतो, आणि पहिल्याच खवळलेल्या दिवशी तो ढवळून फिल्टरमध्ये बसतो. रेसची केबल शेवटपर्यंत ओढली जाते हे एकदा पाहून घ्यावं, मग स्वच्छ डिझेलचा कॅन इंजिनाच्या वरच्या पातळीला बांधून थेट त्यातून पुरवठा द्यावा आणि परतीची नळीही त्याच कॅनमध्ये सोडावी. बोट भाराखाली सुधारली, तर दोष टाकी, नळी किंवा पहिल्या फिल्टरमध्ये. न्यूट्रलवर फेरे मिळाले म्हणून पुरवठा ठीक, असं मात्र समजू नये. बिनभाराच्या इंजिनाला डिझेल लागतंच किती?

‘आम्ही इंजिन खोललं आणि बोट खरंच पळायला लागली’ असं सांगणारेही भेटतील, आणि ते खोटं बोलत नसतात. फक्त त्या कामासाठी बोट वर ओढली, आणि ओढलीच आहे तर खलाशांनी तळ आणि पंखा खरवडून घेतला, हे हिशेबात येत नाही. एकाच वेळी दोन बदल झाले आणि बिल ज्याचं मोठं त्याला श्रेय मिळालं. कधी खोलल्यावर झिजलेले व्हॉल्व्हही सापडतात. पण महिनोन्‌महिने जास्तीच्या भाराखाली तापलेल्या इंजिनाची झीज हे कारण असतं की परिणाम, हे कोण ठरवणार? ते ठरवायला जुनी नोंद लागते. तळ घासल्याच्या पहिल्या दिवशी, नेहमीच्या बर्फ-डिझेलच्या भारानिशी, प्रवाहाचा फरक जावा म्हणून जाताना आणि येताना, पूर्ण रेसवरचे आरपीएम आणि जीपीएसवरचा वेग लिहून ठेवायचा. मीटर बंद असेल तर पुलीवर चकाकत्या पट्टीचा तुकडा चिकटवून हातातल्या टॅकोमीटरनं फेरे मोजता येतात.

हे सगळं पाणी कापत जाणाऱ्या बोटींचं झालं. आउटबोर्ड लावलेल्या हलक्या फायबर बोटीला घनाचा हा हिशेब जसाच्या तसा लावता येणार नाही. ती वेगात पाण्यावर उचलली जाते, आणि उचलण्यापुरती ताकद थोडीशी कमी पडली तरी नाक वर करून जागच्या जागी रेटत राहते. तिथे इंजिनावरचा संशय लवकर घ्यावा लागतो. तरीही फेरे भराभर वाढतात आणि बोट हलत नाही असं असेल, तर आधी पंख्याच्या आतलं रबरी बुश घसरतंय का ते पाहावं. पंखा काढून आतल्या नळीच्या तोंडापासून रबरावरून बाहेरच्या हबपर्यंत रंगाची एक सरळ रेघ मारायची, पंखा चढवून पूर्ण रेसवर फेरी मारायची आणि पुन्हा काढून बघायचं. रेघ तुटून दोन बाजूंना गेलेली दिसली, तर बुश बदलायचं. इंजिनाचं झाकणसुद्धा काढायची गरज नाही.