घरच्या अंधारात धुतलेला सिनेमा



दादासाहेब फाळक्यांबद्दल सांगत होतो, तेव्हा एका मुलानं विचारलं, "सर, फिल्म धुतात म्हणजे साबणानं का?" वर्ग हसला. पण प्रश्न अगदी रास्त होता. मोबाईलवर शूटिंग करून लगेच बघणाऱ्या मुलांना फिल्म 'धुवायची' असते हे कळणार तरी कसं? म्हणून आज त्याबद्दल.

आपल्या खोडदच्या मुलांना हे समजवायला एक सोपी वाट आहे. इथल्या जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपतात. त्या लहरी डोळ्यांना दिसत नाहीत. संगणकानं काम केलं की मगच चित्र तयार होतं. फिल्मचंही तसंच. तिच्यावर सिल्व्हर ब्रोमाईडच्या बारीक कणांचा थर असतो. कॅमेऱ्यात क्षणभर उजेड पडला की त्या कणांत चांदीचे मोजकेच अणू सुटे होतात. चित्र उमटलेलं असतं, पण दिसत नाही. याला सुप्त प्रतिमा म्हणतात. ती दिसती करणं म्हणजेच फिल्म धुणं.

यात दोन मुख्य कामं असतात. डेव्हलपर उजेड लागलेल्या कणांचं काळ्या चांदीत रूपांतर करतो; हे क्षपण. उरलेले कण फिक्सर, म्हणजे हायपो, विरघळवून टाकतो. ते राहिले तर फिल्म उजेडात पुढे काळवंडते. शेवटी भरपूर पाण्यानं धुणं. साबण कुठेच नाही!

आता फाळक्यांकडे वळू. १९१२ साली ते लंडनहून कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र घेऊन आले. कुंडीत वाटाणा पेरून त्यांनी त्याची वाढ थोडी थोडी टिपली आणि ती फिल्म दाखवून भांडवल उभं केलं. मग 'राजा हरिश्चंद्र' तयार झाला आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला. त्यांची प्रयोगशाळा म्हणजे दादरचं राहतं घर. कोरी फिल्म बिनभोकांची यायची. अंधारात तिला भोकं पाडणं, रसायनं कालवणं, फिल्म धुणं या कामांत पत्नी सरस्वतीबाई असत. शिवाय युनिटमधल्या सगळ्यांचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच.

मुलांना इथं गणित घाला. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी, प्रत्येक चौकटीला दोन्ही कडांना ४-४ भोकं. म्हणजे फुटाला १२८. 'राजा हरिश्चंद्र' सुमारे ३,७०० फुटांचा. गुणाकार येतो ४,७३,६००! यंत्र हाताशी होतं, पण फिल्म अंधारातच सरकवायची होती. हा आकडा फळ्यावर आला की सरस्वतीबाईंचं नाव वेगळं पाठ करून घ्यावं लागत नाही.

घरी करायचं तर छोट्या मापाची फिल्म सोयीची. १९६५ साली आलेल्या सुपर ८ चं एक काडतूस साधारण १५ मीटरचं. त्यात ३,६०० चौकटी. सेकंदाला १८ चौकटींनी ३ मिनिटं २० सेकंद चालते. कृष्णधवल फिल्मसाठी कॉफीचा डेव्हलपरही चालतो. १ लिटर पाण्यात ५४ ग्रॅम निर्जल धुण्याचा सोडा, १६ ग्रॅम क जीवनसत्त्वाची पूड, ४० ग्रॅम इन्स्टंट कॉफी. २० अंशांवर सुमारे १५ मिनिटं. फिल्म पूर्ण अंधारात झाकणाच्या टाकीत भरायची, हलवत राहायचं, मग पाणी, फिक्सर, पुन्हा पाणी, आणि चिमट्यानं दोरीवर वाळत. मे महिन्यात आपल्याकडे नळाचं पाणी फार गरम असतं. माठातलं घ्या, पण थर्मामीटर लावून.

माझी पहिली फिल्म सपशेल काळी आली. बाथरूमच्या दाराखालच्या फटीतून उजेड आला होता. आई म्हणाली, "अरे, दाराला गोधडी लावायची ना!" दुसऱ्या वेळी लावली. ओल्या पट्टीवर अंगणातली शेळी उलट्या रंगांत दिसली, पांढरी शेळी काळीकुट्ट! तो आनंद मोबाईलनं कधी दिला नाही.

पालकांनो, काळजी एवढीच: हातमोजे घाला, भांडी स्वयंपाकाची नकोत, लहान मुलांना एकटं सोडू नका. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी असते. तो विहिरीजवळ किंवा शेतात ओतू नका.

आणि फिल्म मिळाली नाही तरी अडत नाही. कुंडीत वाटाणा पेरा. रोज एकाच जागेवरून, एकाच वेळी मोबाईलनं एक फोटो काढा. मात्र महिनाभर एकही फोटो बघायचा नाही, हा नियम. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला ते सगळे सलग लावून दाखवा. वाट बघणं हाही प्रयोगाचाच भाग आहे, हे मुलांना तेव्हा आपोआप कळेल.

तुमच्या वर्गातला वाटाणा कसा वाढला, जरूर कळवा.